जुन्या प्रणालीशेजारी नवी प्रणाली : लिनक्सचा पादांशिक स्वीकार



रसौषधी, पंचकर्म व निदान यांच्या चर्चेसाठी असलेल्या या पृष्ठांवर संगणकप्रणालीविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांची रुग्णपत्रके, औषधांचा साठा, देयके आणि कराची विवरणपत्रे संगणकातच राहतात. ज्या पेटीत रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती आहे, त्या पेटीचे कुलूप शाबूत आहे की नाही, हे पाहणे वैद्याचेच काम आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली आपल्याकडील चिकित्सालयांत व औषधालयांत आजही मोठ्या प्रमाणात दिसते. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढविली गेली, पण ही केवळ सवलत होती. पुढची प्रणाली म्हणजे विंडोज ११ हिच्या अटी कडक आहेत. इंटेलचा प्रक्रियक साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सुविधा हवी. २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत.

येथे एक फसगत होते. देखभाल थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही. सकाळी कळ दाबली की पूर्वीप्रमाणेच पडदा उजळतो, देयके छापली जातात, सारे ठीक वाटते. संचयावस्थेतील दोष जसा रुग्णाला जाणवत नाही, तशीच ही स्थिती आहे. दर महिन्याला नवी छिद्रे उघडकीस येतात आणि ती बुजविणारा कोणी नसतो. क्रियाकाल ओळखणे हे ज्यांचे शास्त्र, त्यांनी तरी व्यक्तावस्थेची वाट पाहू नये.

अनुभवाने आलेले शहाणपण

प्रस्तुत लेखक हा उपदेश फार उंचावरून करीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोकापातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा आमचे तळमजल्यावरील चिकित्सालय पाण्यात होते. संगणक गेला तो गेलाच. त्यातील माहितीची दुसरी प्रत ज्या डिस्कवर ठेवली होती, ती डिस्कही त्याच मेजाच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर गाळातून दोन्ही एकत्रच निघाल्या.

त्यानंतर घाईने एक वापरलेला संगणक घेतला. तो बसवून देणाऱ्या गृहस्थाने विनापरवाना विंडोज भरून दिली. 'सगळे हीच वापरतात, डॉक्टर' हे त्याचे वाक्य, आणि आम्हीही मान डोलावली. काही महिन्यांनी एका सकाळी साऱ्या धारिकांची नावे बदललेली दिसली आणि पडद्यावर खंडणीची मागणी होती. त्या दिवशी वातरक्ताची एक वृद्ध रुग्णा आली होती. "मागच्या पावसाळ्यात दिला होता तोच काढा द्या, त्यानं उतार पडला होता," असे ती म्हणाली. कोणता काढा, किती मात्रा, कोणते अनुपान, यांपैकी काहीही आम्हांस सांगता येईना. त्या माउलीने रागावून काही म्हटले असते तर बरे वाटले असते. ती फक्त म्हणाली, "असू दे, पुन्हा पहिल्यापासून बघा." आठ महिन्यांचा अनुभव आमच्या निष्काळजीपणामुळे नाहीसा झाला होता.

असे प्रसंग लहानांवरच येतात असे नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रणालीने दीडशेहून अधिक देशांतील संगणक ग्रासले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील हजारो रुग्णांच्या तपासण्या व भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या छिद्रावरील दुरुस्ती दोन महिने आधीच निघालेली होती; ज्यांनी ती लावली नव्हती, किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळतच नव्हती, ते सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस कागद-पेनाने चालवावे लागले.

यास्तव आपल्यापुढे तीन मार्ग उरतात. नवा संगणक विकत घेणे. जुन्यावर तसेच दामटीत राहणे. किंवा त्याच जुन्या संगणकावर, असलेली विंडोज न पुसता, तिच्या शेजारी लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविणे. ज्यांना परवडते त्यांनी पहिला मार्ग अवश्य घ्यावा. दुसरा मार्ग कोणीही घेऊ नये. उरलेल्या सर्वांसाठी तिसरा मार्ग योग्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि तो आपल्या शास्त्राच्या पद्धतीनेच चालावा, असा आग्रह आहे.

लिनक्स म्हणजे काय ?

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि दुसऱ्यास देता येईल अशी संगणकप्रणाली घडविण्याचा तो संकल्प होता. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. या दोन प्रवाहांच्या संगमातून आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली उभी राहिली.

तिच्या अनेक आवृत्त्या का, असा प्रश्न नवख्यास पडतो. वैद्यांस तो पडू नये. अग्निवेशाच्या तंत्रावर चरकाने प्रतिसंस्कार केला आणि त्या संहितेतील चिकित्सास्थानाचे १७ अध्याय, तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान दृढबलाने पूर्ण केले. मूळ ग्रंथ सर्वांस खुला होता, म्हणूनच तो काळानुरूप जिवंत राहिला. तोच क्रम येथे आहे. १९९३ साली 'डेबियन' ही आवृत्ती सुरू झाली. तिच्यावर आधारून २००४ साली 'उबुंटू' आली. उबुंटूवर संस्कार करून २००६ साली 'लिनक्स मिंट' निघाली. डेबियनवरच आधारलेली 'बॉस' ही भारतीय आवृत्ती सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने तयार केली. पूर्वसूरींचे काम वापरावे, त्यात भर घालावी आणि भर घातलेलेही खुले ठेवावे, असा या परंपरेचा परवाना आहे.

ज्ञान खुले असण्याचे महत्त्व आपल्याला परक्यांनी समजावून सांगण्याची गरज नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करवून घेतले. आपल्या आजीच्या डब्यातील वस्तूवर कोणाचे कुलूप नको, असे आपण तेव्हा म्हटले. ज्या यंत्रात रुग्णांची माहिती राहते, त्याबाबतही तोच विचार करण्यास हरकत नाही. आपल्या शिवाजी उद्यमनगरातील कारागीर चाळीस वर्षांचा लेथ चालू ठेवतो, कारण त्याला त्याचे झाकण उघडता येते. झाकणाला मोहर लावून दिली असती, तर तो कधीच भंगारात गेला असता.

निवड कशी करावी ?

आवृत्त्या शेकडो आहेत, पण नवशिक्याने तीन-चार नावांपलीकडे जाऊ नये. बल पाहून औषध योजतो, तसे संगणकाचे बल म्हणजे त्याची स्मृती (रॅम) व डिस्क पाहून आवृत्ती निवडावी.

ज्यांना विंडोजची सवय आहे, त्यांच्यासाठी लिनक्स मिंट ही सर्वांत सोयीची, असा अनुभव आहे. खाली डावीकडे सूची, उजवीकडे घड्याळ, चौकटींची तीच ठेवण; त्यामुळे मदतनिसाला दोन दिवसांत काम जमते. तिची २२ वी मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. तिच्या तीन रूपांपैकी 'सिनॅमन' हे रूप ८ जीबी रॅम असलेल्या संगणकास उत्तम. ४ जीबी असेल तर 'एक्सएफसीई' हे हलके रूप घ्यावे. २ जीबी रॅम ही किमान अट असली, तरी तेवढ्यावर आजचे ब्राउझर सुखाने चालत नाहीत. डिस्कवर २० जीबी जागा किमान लागते. आपण ६० ते १०० जीबी मोकळी ठेवावी.

उबुंटूही उत्तम आहे, परंतु तिची ठेवण वेगळी असल्याने सवय होण्यास वेळ लागतो. झोरिन ही आवृत्ती दिसण्यास विंडोजसारखी असून तीही नवशिक्यांस मानवते. सी-डॅकच्या बॉस आवृत्तीत भारतीय भाषांची सोय विशेषत्वाने केलेली आहे. मात्र शेजारी बसणाऱ्या व्यवसायबंधूने जी घेतली असेल तीच आपण घ्यावी, हा सर्वांत व्यवहारी नियम. अडचण आली असता विचारण्यास माणूस जवळ असणे, हे आवृत्तीच्या गुणांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

शेजारीच का ? पुसून का नको ?

लिनक्सचे काही उत्साही पुरस्कर्ते विंडोज समूळ पुसून टाकण्याचा सल्ला देतात. तो आम्हांस मान्य नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवय सोडण्याचा आणि हितकर सवय लावून घेण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. अहिताचा एक चतुर्थांश कमी करावा, हिताचा तेवढाच वाढवावा, मध्ये अंतर ठेवावे. अंगवळणी पडलेली गोष्ट, ती अपथ्य असली तरी, अकस्मात सोडल्याने नवे विकार होतात, हे आपण रुग्णांना रोज सांगतो.

औषधालयचालकांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. आपली लेखापुस्तके टॅलीत आहेत आणि टॅली विंडोजसाठी घडविलेली आहे. डिजिटल स्वाक्षरीची पेन-ड्राइव्हसारखी किल्ली, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, देयके छापणारे जुने डॉट-मॅट्रिक्स यंत्र, यांपैकी काही लिनक्सवर सहज चालतात, काही खटपटीने चालतात, काही चालतच नाहीत. विंडोज पुसली आणि महिन्याच्या विसाव्या तारखेला वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरता आले नाही, तर दोष लिनक्सला लागेल आणि पुन्हा कोणी तिच्या वाटेस जाणार नाही.

म्हणून पहिला पाद असा : आंतरजालावरील भ्रमंती, ईपत्रे व व्हॉट्सॲपमधून येणाऱ्या धारिका लिनक्सवर. कारण बहुतेक उपद्रव याच वाटेने शिरतो. दुसरा पाद : रुग्णपत्रके, औषधसूची, पत्रव्यवहार लिनक्सवरील लिब्रे-ऑफिसमध्ये. तिसरा पाद : आयुष मंत्रालयाची व शासनाची जी कामे ब्राउझरमधून होतात ती लिनक्सवर. चौथ्या पादात काय उरते ते पाहावे. टॅली आणि स्वाक्षरी एवढेच उरले, तर विंडोज तेवढ्यापुरतीच उघडावी आणि ते काम झाले की बंद करावी. कित्येकांच्या बाबतीत हा चौथा पाद कायमचा राहील. त्यात कमीपणा नाही.

पूर्वकर्म

शोधनाचे यश पूर्वकर्मावर अवलंबून असते. येथेही घाई करणाऱ्यांचेच नुकसान झालेले पाहिले आहे.

एक. सर्व माहितीच्या प्रती काढाव्यात. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या वास्तूत. चिकित्सालय गंगावेशीत असेल तर एक प्रत राजारामपुरीतल्या बहिणीकडे असू द्यावी. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांस याहून अधिक सांगणे नलगे. प्रत काढल्यावर ती उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच.

दोन. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असता विंडोज पूर्णतः बंद होत नाही, अर्धनिद्रेत राहते, आणि लिनक्सला तिच्या धारिकांत लिहिता येत नाही.

तीन. डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद आहे काय ते पाहावे. असल्यास त्याची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर उतरून घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. ही किल्ली हरवली तर आतील माहिती ब्रह्मदेवासही काढता येणार नाही.

चार. विंडोजमधील 'सिस्टम इन्फर्मेशन' या पानावर 'बायोस मोड' ही ओळ पाहावी. तेथे 'लेगसी' असेल तर लिनक्सचा पेन-ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करावा. 'यूईएफआय' असेल तर त्या पद्धतीने. दोघी दोन पद्धतींनी बसल्या, तर सुरू होताना एकमेकींस दिसत नाहीत.

पाच. विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट' साधनाने तिचा भाग आकसून जागा मोकळी करावी. मोकळी जागा तशीच रिकामी सोडावी.

सहा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची धारिका उतरवून, तिची पडताळणी करून, ती 'रूफस' किंवा 'एचर' या साधनाने पेन-ड्राइव्हवर चढवावी. त्या पेन-ड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात असावे.

प्रधानकर्म

संगणक पेन-ड्राइव्हवरून सुरू केला असता लिनक्स डिस्कला स्पर्श न करता तात्पुरती चालू होते. ही तिची सर्वांत मोठी सोय आहे. औषध देण्यापूर्वी प्रकृती पाहावी, त्याप्रमाणे या अवस्थेत एक संपूर्ण दुपार घालवावी. वाय-फाय चालते काय, आवाज येतो काय, छपाईयंत्र ओळखले जाते काय, हे सारे तपासावे. आपल्याकडे सर्रास आढळणारी काही जुनी लेझर छपाईयंत्रे लिनक्सवर त्रास देतात. ते आधीच कळलेले बरे. मन भरले नाही तर पेन-ड्राइव्ह काढून घ्यावा. संगणक पूर्वीसारखाच राहतो.

समाधान झाल्यावर 'इन्स्टॉल' या चिन्हावर जावे. प्रणाली काही साधे प्रश्न विचारते : भाषा, कळफलक, वेळ-क्षेत्र. त्यानंतर येणारा पडदा निर्णायक होय. तेथे विंडोजच्या शेजारी बसविण्याचा पर्याय निवडावा. 'डिस्क पुसून बसवा' असाही पर्याय तेथेच असतो. आमच्या परिचयाच्या एका वैद्यमित्राने गप्पांच्या नादात तो निवडला आणि वीस वर्षांच्या लेखापुस्तकांवर तुळशीपत्र ठेवण्याची वेळ आली. प्रत काढलेली होती म्हणून निभावले. या पडद्यापाशी हात थांबवावा, चष्मा पुसावा, दोनदा वाचावे. शेजारी बसविण्याचा पर्याय दिसतच नसेल, तर पूर्वकर्मातील चौथ्या मुद्द्याकडे परत जावे. 'नंतर पाहू' म्हणून पुढे जाऊ नये.

साध्या डिस्कवर हे काम सामान्यतः अर्ध्या-पाऊण तासात होते. महापालिका हद्दीतही वीज जाते. म्हणून यूपीएस अथवा पुरेशा भारित लॅपटॉपशिवाय हे कर्म करू नये. ज्यांच्या मेजावरील संगणकात दुसऱ्या डिस्कची जागा आहे, त्यांनी लिनक्ससाठी स्वतंत्र एसएसडी घ्यावी, हे सर्वांत निर्धोक. विंडोजच्या डिस्कला हात लागत नाही आणि जुना संगणक वेगाने चालू लागतो.

पश्चात्कर्म

संगणक पुन्हा सुरू केला की आता एक सूची दिसते : लिनक्स किंवा विंडोज. काहीच न निवडल्यास काही सेकंदांनी पहिली प्रणाली आपोआप सुरू होते. मदतनिसांना हे आधी दाखवून ठेवावे, अन्यथा सकाळी घाबरून दूरध्वनी येतो.

पहिल्याच दिवशी 'अपडेट मॅनेजर'मधून सर्व दुरुस्त्या घ्याव्यात आणि 'टाइमशिफ्ट' या साधनाने प्रणालीचे चित्र साठवून ठेवावे. पुढे काही बिघडल्यास त्या अवस्थेत परतता येते. टाइमशिफ्ट प्रणाली सांभाळते, रुग्णपत्रके नव्हे. त्यांच्या प्रती वेगळ्याच काढाव्या लागतात.

क्वचित एक चमत्कार दिसतो. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे असते. विंडोज संगणकाच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स तेथे जागतिक वेळ मानते, म्हणून हा फरक पडतो. लिनक्समधील एका आज्ञेने तो मिटतो. पण न मिटविल्यास देयकांवरील वेळ चुकते. औषधालयचालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मराठीचा प्रश्न

आपल्यापैकी अनेकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपीसारख्या टंकांत पत्रके, योगांच्या नोंदी, व्याख्याने टंकलिखित केली आहेत. ती लिनक्सवर उघडली असता इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. हा लिनक्सचा दोष नाही. तो टंक नसलेल्या कोणत्याही संगणकावर असेच होते. त्या काळी प्रत्येक टंकाची आपापली सांकेतिक मांडणी होती. आज सर्वमान्य असलेल्या युनिकोडमध्ये ही माहिती आणण्यासाठी रूपांतरक साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे आणि मुख्यतः मात्रेचे आकडे डोळ्यांखालून घालावेत. मात्रेतील एका दशांशचिन्हाची किंमत आपण जाणतो. हे काम आज ना उद्या करावेच लागणार आहे. प्रणाली बदलण्याच्या निमित्ताने ते होऊन जाईल.

लिखाणासाठी शासनमान्य इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. उच्चारानुसारी कळफलकाचीही सोय आहे. शिकण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स व लिब्रे-ऑफिसचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध केले आहेत. केरळातील शासकीय शाळांमधील संगणक अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आले आहेत. तेथील शाळकरी मुलांस जे जमते ते आम्हां पदवीधरांस अवघड म्हणणे शोभणार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

'लिनक्सला विषाणूबाधा होत नाही' असे काही जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. बाधेचे प्रमाण कमी आहे आणि दुरुस्त्या त्वरेने येतात, एवढेच म्हणता येईल. अनोळखी पत्रातील दुवा उघडणाऱ्यास कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही. तसेच दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर असल्या आणि डिस्क निकामी झाली, तर दोन्ही बुडतात. प्रतींना पर्याय नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. रुग्ण पाहायचे की हे करीत बसायचे? यावर नम्र उत्तर असे की, एक रविवार येथे खर्ची पडेल. आमचे आठ महिने गेले होते.

तिसरा आक्षेप सहसा कोणी उघडपणे बोलत नाही, पण मनात असतो : 'विनापरवाना विंडोज फुकट मिळतेच, मग हे कशाला?' स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक-आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा दंड व कारावासास पात्र असा गुन्हा आहे. कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी ज्या प्रणालीचे कुलूप कोणा अनोळख्याने फोडून आपल्याला दिले, त्याने किल्लीची एक प्रत स्वतःकडे ठेवली नसेल याची खात्री कोण देणार? भेसळीच्या केशरावर व नकली शिलाजितावर आपण तावातावाने बोलतो. औषधालयाच्या फडताळात भेसळ चालत नसेल, तर मेजावरही ती चालू नये.

आणि २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ही बाब केवळ नीतीची राहिलेली नाही. संगणकातील व्यक्तिगत माहिती योग्य रीतीने सुरक्षित राखणे ही ती बाळगणाऱ्याची जबाबदारी आहे, असे तो कायदा सांगतो. रुग्णाची माहिती याहून अधिक व्यक्तिगत कोणती असणार?

एक सूचना

शेवटी आपल्या संघटनेस एक विनंती. वार्षिक अधिवेशनात व्याख्याने होतातच. त्यांच्या जोडीस एक रविवार यासाठी राखावा. दहा-बारा वैद्यांनी व औषधालयचालकांनी आपापले जुने संगणक, काढलेल्या प्रतींसह, घेऊन यावे. शहरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना बोलवावे. त्यांना हे काम चांगले येते आणि त्यांनाही ते आवडते. सकाळी पूर्वकर्माची तपासणी, दुपारी प्रधानकर्म, सायंकाळी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घेऊन घरी. ज्याची प्रत काढलेली नाही त्याच्या संगणकास त्या दिवशी हात लावू नये, एवढा एकच कडक नियम असावा. तीन महिन्यांनी पुढच्या अंकात त्या दहा-बारा जणांनी आपला अनुभव, अपयशासह, प्रामाणिकपणे लिहावा. त्यातूनच इतरांस खरा निर्णय करता येईल.

त्या वृद्ध रुग्णेची नवी नोंद आता आमच्या लिनक्सवरील कोष्टकात आहे, आणि तिच्या दोन प्रती दोन घरांत आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्यात ती पुन्हा आली, तेव्हा काढ्याचे नाव आम्ही तिला विचारले नाही, आम्हीच सांगितले. ती हसून म्हणाली, "आता कसं बरोबर."

इत्यलम्.